आम्ही बारामतीत छावणी उभारली

निर्वासितांना समजून घ्यायला लोक सीमेवर जातात, परदेशी जातात. आमच्या सोसायटीचं सेवा मंडळ बारामतीला गेलं. ह्यामागे विचार होता. पुण्यात हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी शेजारच्या तीन सोसायट्यांनी आधीच आपसात वाटून घेतले होते. एकीने त्यांची आरोग्य तपासणी केली होती, दुसरीने फराळ वाटला होता आणि तिसरीने त्यांना राष्ट्रगीत म्हणायला लावलं होतं. आमच्या वाट्याला निर्वासितच उरले नव्हते. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष खासनीस मॅडम ह्यांना मावसबहिणीकडून कळलं की बारामतीतही दर हिवाळ्यात तिबेटी येतात आणि अजून कुणीही त्यांचं स्वागत केलेलं नाही.

"म्हणजे बघा," मॅडम हळहळल्या, "इतकी वर्षं बिचारे नुसतेच येतायत."

मी मंडळाचा खजिनदार. बैठकीत माझा एकच आक्षेप होता. तिबेटी चौदा आणि ब्लँकेटं साठ, हे प्रमाण जुळत नाही, असं मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, कमी पडण्यापेक्षा जास्त बरी. स्वेटर, शाली आणि ब्लँकेटं विकून पोट भरणाऱ्या माणसांना ब्लँकेट कशाला, हा प्रश्न आम्हा सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. मी फक्त भागाकार केला होता.

डिसेंबर संपत आला असताना, एका गार सकाळी, सात माणसं, साठ ब्लँकेटं, सात नवे झाडू आणि एक मोठा फ्लेक्स अशी आमची गाडी निघाली.

बारामती

बारामती आता मोठी झाली आहे. रस्ते रुंद, दुभाजकावर फुलझाडं, चौकाचौकात कारंजी. आमच्या पुण्यात इतका रुंद रस्ता दिसला की आम्ही लगेच त्यावर गाड्या लावतो. इथे तो अजून गाड्या चालवण्यासाठी वापरतात.

स्वेटरवाल्यांची जागा एका मोकळ्या प्लॉटवर आहे. बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून ओळीने दुकानं केलेली. समोर रंगीबेरंगी स्वेटर टांगलेले, खाली कानटोप्यांचे ढीग. मैदान इतकं स्वच्छ होतं की आमच्यातल्या दोघांनी झाडू परत गाडीत ठेवले.

तिथल्या प्रमुख डोलमाबाई. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा ठेंगणा, अंगात स्वेटरवर स्वेटर आणि तोंडात अस्सल बारामतीची मराठी. मॅडमनी वाटेत हिंदीतली चार वाक्यं पाठ केली होती.

"आप लोग अपना देश छोड़कर यहाँ कब आए?" मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं.

"दिवाळीच्या आधी आलो की," डोलमाबाई म्हणाल्या. "मुंडगोडास्नं. तुमी कवा आला? च्या घेतला का?"

मुंडगोड कर्नाटकात आहे. तिथल्या तिबेटी वसाहतीतच त्यांचा जन्म झाला. माल लुधियानाहून येतो. म्हणजे कर्नाटकातली बाई पंजाबातले स्वेटर महाराष्ट्रात विकते, आणि ते तिबेटी स्वेटर असतात. बारामतीत त्यांचा हा सव्विसावा हंगाम होता. ही माहिती मिळेपर्यंत आम्ही बाकीच्या सहा जणांनी प्रवेशाच्या कमानीवर फ्लेक्स बांधून टाकला होता. आधीच तिथे एक गंजका पत्रा होता, तो झाकला गेला. फ्लेक्सवर वर मॅडमचा फोटो, खाली आमचे छोटे फोटो, आणि मध्ये ठळक अक्षरांत: "तिबेटी निर्वासित छावणी, बारामती. निर्वासित बांधवांचे हार्दिक स्वागत."

ज्यांचं स्वागत करायचं ते सव्वीस वर्षं तिथे होते आणि आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी आलो होतो. पण फ्लेक्स छापून झाला होता.

कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला. व्यासपीठावर डोलमाबाईंना धरून खुर्च्या आठ, समोर तेरा. चौदाही जणांना बोलावून आणलं होतं म्हणून चौदाही दुकानं रिकामी होती. मॅडम माणुसकीवर बोलल्या, सचिव विस्थापनावर बोलले, मी आभार मानले. मग ब्लँकेट वाटप. चौदा तिबेट्यांनी चौदा ब्लँकेटं दोन्ही हातांनी, वाकून घेतली. त्यांच्या मागेच तशीच ब्लँकेटं विक्रीला रचून ठेवलेली फोटोत स्पष्ट दिसतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण बाजारात बातमी पोचायला मंडळाची गरज लागत नाही. अर्ध्या तासात शंभरेक माणसं रांग लावून उभी राहिली. डबल ब्लँकेटचा भाव करत असलेले एक पागोटेवाले आजोबा हातातलं ब्लँकेट खाली ठेवून म्हणाले, "फुकट मिळतंय व्हय? मग इकत कशापायी घ्यायचं?" आणि रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गेली.

डोलमाबाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा आमच्या गठ्ठ्यांकडे.

"बाई, ती गाडीत ठिवा," त्या मॅडमना हळूच म्हणाल्या. "कुलूप लावा."

रांग पांगायला संध्याकाळ झाली. तोवर कुणी साधा हातमोजाही घेतला नाही. आम्ही मात्र श्रमदान पुरं केलं. मैदानात कचरा नव्हताच, पण आमच्या कार्यक्रमाने हारांचे दोरे, चहाचे कप आणि पाण्याच्या बाटल्या अशी सोय करून दिली होती. आपणच करायचा आणि आपणच काढायचा, अशा स्वावलंबी सेवेचा अनुभव मी प्रथमच घेतला.

त्या रात्री जेवायला लॉजवर जाणार होतो, पण डोलमाबाईंनी सोडलं नाही. दुकानामागे स्टोव्हवर मोमो उकडले होते, आत कोबी आणि बटाटा. सोबत लाल चटणी नव्हती. खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता, वर कच्चं तेल.

"ही तिबेटी पद्धत का?" मॅडमनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाय, आक्कांची. अंथुर्ण्याच्या." डोलमाबाईंनी ताटात आणखी चार मोमो टाकले. "ही जागा त्यांच्या मालकांची हाय. तात्यांची. हंगाम सरला की मी अंथुर्ण्याला जाते, आक्कास्नी एक स्वेटर देते, तात्यास्नी कानटोपी. आक्का माझी ओटी भरत्यात. खण, नारळ, गहू. पंचवीस खण झालं. घरी टरंक भरलीय. एक बी शिवला न्हाय."

"का बरं?"

"आमच्यात चोळी कुठं घालत्यात?" आणि त्या हसल्या. "पन न्हाय कसं म्हनायचं? माहेरचं हाय."

आमच्या सोसायटीत न सांगता कुणी आलं की आधी दाराच्या भोकातून बघायची पद्धत आहे. आणि इथे जिचा दिवसाचा धंदा आम्ही बुडवला होता ती बाई आम्हाला "घ्या की, लाजू नका" म्हणत होती. मी अकरा मोमो खाल्ले.

कऱ्हाटी

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम कऱ्हाटीला होता. कऱ्हा नदीकाठचं शेतकरी गाव. तिथल्या शाळेत मॅडमनी "एका निर्वासित भगिनीची कहाणी" ठेवली होती. मॅडमचा सिद्धान्त असा, की गोष्ट ऐकली की अश्रू येतात आणि अश्रू आले की समजूत येते. त्यासाठी एक डझन रुमाल त्यांनी पर्समध्ये ठेवले होते.

निघताना एक छोटीशी गोष्ट घडली. चौदाही जणांनी कालची ब्लँकेटं नीट घडी घालून आमच्या गाडीत परत ठेवली. राग नव्हता त्यात. दुकानात ठेवली तर लोक फुकट मागतात, आणि खोलीत जागा नाही, एवढंच कारण होतं. साठपैकी साठ ब्लँकेटं हजर. आमच्या मंडळाचा हिशेब इतका चोख पूर्वी कधी जुळला नव्हता.

शाळेच्या पटांगणात पोरं मांडी घालून बसली. डोलमाबाई उभ्या राहिल्या आणि आईची गोष्ट सांगू लागल्या. आई बर्फातून डोंगर ओलांडून आली तेव्हा अंगात मेंढीच्या कातड्याचा जाड कोट होता. खाली आल्यावर इतका उन्हाळा, तरी आई कोट काढीना. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची तीही कोट घालून. लोकांना वाटायचं बाई वेडी आहे. खरं म्हणजे घरून आणलेलं सगळं तिने अस्तरात शिवलं होतं, आणि कोट काढला की कुणी उचलून नेईल अशी भीती होती. मग सगळ्यांना कर्नाटकात जंगलाची जागा मिळाली. झाडं तोडली, जमीन केली. तिथे आईने आयुष्यात पहिल्यांदा मका पाहिला.

"मका?" पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उठली. "आमी बी लावतो. एकरी किती निघायचा?"

"पयल्या साली हत्ती खाऊन गेलं," डोलमाबाई म्हणाल्या.

मग मात्र पोरं पेटली. हत्ती किती होते, पंचनामा झाला का, भरपाई मिळाली का, तिबेटात ऊस होतो का, नसेल तर कारखाना कशावर चालतो. एकाने विचारलं, "मग कोटात काय व्हतं?"

"पैशे न्हवते. बी व्हतं. सातूचं. आईनं पेरलं बी. पन ऊन इतकं, की उगवलंच न्हाय."

बी उगवलं नाही हे तिथल्या प्रत्येक पोराला कळलं. हाच क्षण, म्हणून मॅडमनी पर्स उघडली. तेवढ्यात डोलमाबाईंचा फोन वाजला. त्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन बोलल्या, म्हणजे बहुतेक ऐकतच होत्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"तात्यांचा फोन. रविवारपातूर जागा मोकळी करा म्हनत्यात."

झालं होतं ते असं. आमच्या फ्लेक्सचा फोटो आणि मॅडमनी लिहिलेली कार्यक्रमाची बातमी गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली होती. बारामतीत निर्वासितांची छावणी. अंथुर्ण्यापर्यंत जाताजाता त्यात माणसंही वाढली होती. चौदाचे दीडशे झाले होते. सकाळपासून तात्यांना नातेवाइकांचे फोन येत होते: तुमच्या प्लॉटवर छावणी बसलीय, आता ती उठायची नाही.

तोट्याचा अंदाज मी तिथेच, पटांगणात केला, कारण तेवढंच मला येतं. थंडी आत्ता कुठे पडली होती. माल निम्म्याहून जास्त शिल्लक होता आणि लुधियानाचा व्यापारी उरलेला माल परत घेत नाही. मकरसंक्रांतीनंतर बारामतीत स्वेटर घ्यायला कुणी येत नाही. चौदा घरांचं वर्ष ह्या तीन आठवड्यांवर होतं. आणि पुढच्या वर्षीचं काय? गावात दुसरी मोकळी जागा राहिलीच नव्हती. सगळीकडे इमारती उठल्या होत्या.

"आपण निवेदन देऊ," मॅडम म्हणाल्या. "मोर्चा काढू. मी बाइट देते."

"बाई," डोलमाबाई म्हणाल्या, "आता काय बी दिऊ नका. दिलंय तेवढं लई झालं. गाडी हाय न्हवं? मला अंथुर्ण्याला सोडा."

अंथुर्णे

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की कालवा सोबत येतो आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर डोंगराएवढा ऊस आणि त्यावर कर्कश्श गाणी. मळीचा आंबूस वास मैलोन् मैल. मॅडमनी काच वर केली. डोलमाबाईंनी त्यांच्या बाजूची खाली केली आणि म्हणाल्या, "कारखाना जोरात हाय यंदा."

तात्या शेतावर होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, डोक्याला पांढरी टोपी आणि टोपीवरून चढवलेली लाल कानटोपी, म्हणजे गेल्या वर्षीची. ज्वारीच्या कडेला हुरड्याची आगटी पेटली होती. आक्का कणसं भाजत होत्या. बसायला जुना फ्लेक्स अंथरला होता. कुठल्यातरी निवडणुकीतला, त्यावर हात जोडलेला एक चेहरा. इथे कार्यक्रम संपला की फ्लेक्स शेतात येतो. कोंबड्यांच्या खुराड्यावर, कांद्यावर, कडब्याच्या गंजीवर. लोकप्रतिनिधी लोकांच्या इतक्या उपयोगी पडताना मी शहरात पाहिलेला नाही.

आम्ही त्या चेहऱ्याच्या कडेकडेने बसलो. मॅडमनी लगेच सुरुवात केली.

"तात्या, माणुसकीच्या दृष्टीने विचार केला तर..."

"बाई, हुरडा गार हुतोय," तात्या म्हणाले.

तिथली रीत अशी, की पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. आक्का गरम कणीस तळहातावर चोळायच्या, हिरवे कोवळे दाणे आमच्या पुढ्यात टाकायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मॅडमना भूक नव्हती, पण बोलायचं होतं, म्हणून त्या खात राहिल्या. इतका मुकाट्याने झालेला हुरडा त्यांच्या आयुष्यात दुसरा नसेल. डोलमाबाईंनी स्वतःहून कणसं घेतली आणि आक्कांच्या शेजारी बसून भाजू लागल्या.

शेवटी तात्यांनी हात झटकले.

"डोलमाबाई, तुझ्यावर राग न्हाय माझा."

"मग रविवार कशाला म्हनला?"

"आमचं गाव धरनात गेलं, तुला म्हाईत हाय. तवा मी पंचविशीत व्हतो. साहेब आला, म्हनला, चार म्हयनं पत्र्यात काढा, मंग घरं दितो. त्या पत्र्यात माझं लगीन झालं. थोरला तितंच जलामला, धाकटा बी." त्यांनी आगटीतला निखारा काडीने सारखा केला. "वर बोर्ड लावला. पुनर्वसन वसाहत. पत्रं गेलं, पक्की घरं झाली, नातवंडं झाली. बोर्ड अजून हाय. गावात अजून मला धरनवालं तात्या म्हनत्यात. माझ्या जिमिनीत ऊस हाय, कारखान्याचा मी सभासद हाय, तरी धरनवालं."

मॅडम पुढे सरसावल्या. "मग तात्या, तुम्हाला तर ह्यांचं दुःख सगळ्यात जास्त कळायला पाहिजे!"

"कळतंय म्हनून तर भ्या वाटतंय." तात्या पहिल्यांदाच मॅडमकडे वळले. "सव्वीस वर्सं ही स्वेटरवाली व्हती, कुनी मला फोन केला न्हाय. तुमी बोर्ड लावला आन सकाळधरनं फोन थांबंना. छावनी काय असती त्ये मला ठावं हाय बाई. पडती चार म्हयन्यासाटी, आन उठत न्हाय."

सचिवांनी दही मागितलं.

डोलमाबाईंनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"तात्या, बांबू कोन रोवतं दरसाल?"

"तूच."

"उपटतं कोन?"

"तूच की."

"खड्डं बुजवून, झाडून, मैदान तुमच्या ताब्यात देते का न्हाय? एक खुट्टी राहिली का कवा?"

"न्हाय राहिली."

"माझी आई उठली त्ये एकदाच उठली. मी दर वर्साला उठते." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आक्कांचा हात थांबला. "माझ्यावानी उठायला तुमच्या तालुक्यात दुसऱ्या कुनाला येतं का, दावा मला."

रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गाणी वाजवत गेली. आक्कांनी गूळ फोडला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "उठंल ती. पन यंदा ओटी न भरता धाडायची का तिला? इचारलं कुनी तर काय सांगू? मोबाइलात आलंय म्हनून माहेर बंद?"

"तुला कोन काय म्हनलं का?" तात्या वैतागले.

"म्हनायच्या आधीच सांगते."

तात्या उठले, धोतर झटकलं. "त्यो बोर्ड उतरवा. उंद्या मी येऊन बघतो. मंग काय त्ये सांगतो." आणि पाणी बघायला उसात निघून गेले.

परत निघताना आक्कांनी गाडीतले गठ्ठे पाहिले आणि काय आहे म्हणून विचारलं. डोलमाबाईंनी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "माझ्या फडात टोळी उतरलीय. लेकरं रात्रीची कुडकुडत्यात." ऊस तोडायला दूरच्या जिल्ह्यांतून आलेली ती माणसं पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत राहतात. त्यांना निर्वासित म्हणायचं का, हे आमच्या मंडळाच्या घटनेत स्पष्ट नाही. आक्का आणि डोलमाबाई दोघी गठ्ठे घेऊन कोप्यांकडे गेल्या आणि मॅडम फोन बाहेर काढेपर्यंत मोकळ्या हातांनी परत आल्या. हार नाही, भाषण नाही, माईक नाही, फोटो नाही. त्यामुळे आमच्या अहवालात तो कार्यक्रम झालेला नाही.

पुन्हा बारामती

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फ्लेक्स काढला. लावताना मंडळाची सहा माणसं होती. काढताना मॅडम आणि मी. बाकीच्यांचं हुरड्याने पोट बिघडलं होतं. मॅडम स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं. एका शब्दाचीही तक्रार न करता त्यांनी एकेक तार सोडली. नखं तुटली. त्यांच्याबद्दल मी जे काही लिहिलं आहे ते कायम आहे, पण हेही लिहिलं पाहिजे.

फ्लेक्स खाली आला आणि मागचा गंजका पत्रा दिसला. त्यावर हाताने रंगवलं होतं: "स्वेटर, शाल, ब्लँकेट. एकच भाव." दोन दिवस आम्ही त्याच पत्र्यावर स्वागत बांधून ठेवलं होतं. पत्रा दिसल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी स्कूटर थांबवली. "अय्या, तुम्ही आहात होय? मला वाटलं स्वेटरवाले यंदा गेले आणि इथे काहीतरी सरकारी सुरू झालं."

दहाच्या सुमाराला तात्यांची जीप आली. सोबत आक्का. तात्या पूर्ण मैदान फिरले. बांबूचे खड्डे पाहिले, मागची बाजू पाहिली, स्टोव्हपाशी वाकून पाहिलं. चौदाही जण आपापल्या दुकानात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. डोलमाबाई मात्र मुद्दामच बघत नव्हत्या. त्या कानटोप्या लावून ठेवत होत्या, लावलेल्या पुन्हा लावत होत्या.

फेरी संपवून तात्या त्यांच्या दुकानापुढे थांबले. एक निळी कानटोपी उचलली, ताणून पाहिली.

"ही कशी दिली?"

"तुमच्याकडनं कवा पैसे घेतलं व्हय? जाताना घेऊन येतेच की मी."

"ती येगळी. ही इकत घेतोय. कशी?"

डोलमाबाईंनी भाव सांगितला. तात्यांनी निम्मा सांगितला. डोलमाबाईंनी वर पत्र्याकडे बोट केलं. एकच भाव. तात्या म्हणाले, पत्र्याला काय कळतंय. अशी पाच मिनिटं घासाघीस झाली. आक्का जीपमधूनच ओरडल्या, "द्या की आता, किती छळताय तिला!" शेवटी तात्यांनी पूर्ण पैसे मोजून दिले, जुनी लाल कानटोपी काढून खिशात घातली, निळी चढवली आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या सालाला यायच्या आधी फोन कर. गवत काढून ठिवतो."

एवढंच. रविवारचं नाव त्यांनी काढलं नाही आणि डोलमाबाईंनीही विचारलं नाही. फक्त कानटोप्या पुन्हा लावायच्या थांबल्या.

मग मॅडमनी पर्स उघडली, रुमाल आत सारले आणि एक डबल ब्लँकेट घेतलं. भाव करून पाहिला, कमी झाला नाही. मी दोन स्वेटर घेतले. बारामतीला जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच आहे, की जाताना काही घेऊन जाऊ नये. थंडी वाजलीच तर तिथे मिळतं. रिकामी पिशवी मात्र न्यावी.

जीपमध्ये बसता बसता तात्यांची नजर खाली पडलेल्या आमच्या फ्लेक्सवर गेली. त्यांनी कोपरा बोटांत धरून चोळला, कानटोपी ताणून पाहिली होती तसाच.

"जाड हाय," ते म्हणाले. "ह्याचं काय करनार?"

मंडळाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावायला ठराव लागतो. पण मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तो गुंडाळून जीपमध्ये टाकला. आक्कांनी एकच सूचना केली: गंजीवर घालताना अक्षरं आतल्या अंगाला ठेवा.

अंथुर्ण्यात तात्यांच्या शेतात कडब्याची एक मोठी गंज आहे. बाहेरून ती नुसती पांढरी दिसते. आत तिचं आमच्या मंडळातर्फे हार्दिक स्वागत चालू आहे.